कोब्यावर गादीवाफे : जुन्या पोल्ट्रीत पॉलिहाऊस केलंय, पाणी कुठून काढू?

ओढ्याकाठी | ११ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वाईच्या अलीकडे आमचं शेत आहे. वडिलांनी पोल्ट्री घातली होती. ३० बाय १०० फुटाची शेड, लांबी पूर्व-पश्चिम, दोन्ही बाजूंना दीड फुटाची भिंत आणि वर जाळी. २००६ ला तिकडं नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि आमच्या शेडमधला एकही पक्षी आजारी नसताना कोंबडी कोणी फुकट घेईना. त्यानंतर दोनदा चालू केली, दोनदा बंद पडली. गेल्या दिवाळीत पत्रे उतरवले, त्याच खांबांवर पाइपच्या कमानी वाकवून बसवल्या, वरून २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा पेपर घातला. काकडी आणि ढोबळी मिरची करायचा विचार आहे.

घोडं अडलंय जमिनीवर. खाली अख्खा कोबा आहे, तीन-चार इंचाचा. गावातले म्हणतात फोडून टाक. माझं मन होत नाही, कारण तो वडिलांनी उभं राहून घालून घेतलाय आणि अजून एक भेग नाही. वरच माती टाकून वाफे घातले तर चालेल का? उंची किती घ्यावी? कडांना उतरवलेले सिमेंटचे पत्रे आडवे कापून लावायचं डोक्यात आहे, साठेक पत्रे पडून आहेत. आणि मुख्य म्हणजे वाफ्यातलं पाणी जाणार कुठं?

गादीवाफा | ११ फेब्रुवारी, रात्री १०.१५

मावळात मी जरबेरा केला, नंतर ढोबळी. माझं सरळ मत : वर दीड फूट उंच गादी करा, तळाला तीन इंच खडी टाका, खडीवर शेडनेटचा तुकडा, त्यावर माती. खडीतून निचरा होतो. लाल माती सत्तर टक्के, शेणखत वीस, भाताचं तूस दहा. आम्ही सगळे असंच करत आलो.

कोबा फोडू नका. तुम्हाला कल्पना नाही तुमच्याकडे काय घबाड आहे ते. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी सूत्रकृमी (मातीतून मुळांत शिरणारा बारीक जंत) लागला आणि ढोबळी बसली. मुळं उपटली की गाठीच गाठी. जमिनीशी संबंध तुटलेला वाफा मिळणं ही चैन आहे.

फटकळ_फावडे | ११ फेब्रुवारी, रात्री ११.०२

ब्रेकर लावा, दोन दिवसांत कोबा साफ. उगाच माती विकत घेऊन कुंडीतली शेती कशाला?

चिरेबंदी | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

फावडे साहेब, फोडलेला कोबा टाकणार कुठे? ३००० चौरस फूट, चार इंच जाडी म्हणजे हजार घनफूट, दहा ब्रास राडारोडा. खाली सोलिंगचे दगड, मग मुरुमाचा भराव. ते उकरल्याशिवाय तिथे काही पिकणार नाही. म्हणजे माती शेवटी विकतच आणायची.

ओढ्याकाठी, मी रत्नागिरीत बांधकामं करतो, शेतीतलं मला कळत नाही, पण पाण्याचं कळतं. ठिकठिकाणी भोकं पाडून पाणी कोब्याखाली सोडायचं कोणी सुचवलं तर आधी खाली काय आहे ते बघा. मुरूम असेल तर चालून जाईल. काळी माती असेल तर ती पाणी पिऊन फुगते आणि कोबा वर उचलते.

वाफ्याबद्दल बोलण्याआधी एक काम करा. शेड झाडून घ्या, वरच्या बाजूने पंधरा-वीस बादल्या पाणी ओता आणि बघत बसा. साचेल तिथे खडूने रेघ मारा. वाहील त्या दिशेला बाण काढा. गवंड्याची पाण्याची नळी मिळाली तर दोन्ही टोकांची पातळी घ्या. डोळ्याला सपाट दिसणारा कोबा सपाट नसतो. वाफे कुठल्या दिशेला घालायचे ते हे पाणीच सांगेल.

लेस्टरची काकू | १२ फेब्रुवारी, दुपारी ४.५०

थांबा थांबा! सिमेंटचे पत्रे कापू नका!

पोल्ट्रीवरचे जुने नालीदार करडे पत्रे म्हणजे बहुतेक ॲस्बेस्टॉसचेच. नुसते पडून असतील तर तितकं भय नाही, पण करवत किंवा ग्राइंडर लावला की धूळ उडते आणि ते तंतू फुप्फुसात कायमचे बसतात. इथे इंग्लंडमध्ये १९९९ साली त्यावर पूर्ण बंदी आली. तरी जुन्या घरांच्या गॅरेजांवर अजून आहेत आणि काढायचे तर नियमांचं पुस्तक उघडावं लागतं. भारतात सर्रास वापरतात म्हणून ते निरुपद्रवी होत नाहीत. कापू नका, फोडू नका, भोकं पाडू नका, मुलांना त्यांच्यावर खेळू देऊ नका.

आता माझं छोटंसं. आमच्या मागच्या अंगणात आठ बाय सहा फुटांचं काचेचं ग्रीनहाऊस आहे, खाली फरशा. तुमच्या शेडपुढे काडेपेटीच. इथले जुने लोक टोमॅटोला एक युक्ती करतात. तळ नसलेल्या कुंड्या, म्हणजे नुसत्या रिंगाच, ओल्या खडीच्या थरावर ठेवायच्या. खत वरून रिंगेत द्यायचं, पाणी खाली खडीत. पाण्याची मुळं खडीत उतरतात, अन्नाची वर राहतात. मी चार वर्षं करतेय, चांगलं येतं. पण इथला उन्हाळा म्हणजे तुमचा डिसेंबर, हे लक्षात घ्या.

ओढ्याकाठी | १२ फेब्रुवारी, रात्री ८.२०

काकू, पाया पडतो. उद्या ग्राइंडरवाला येणार होता, त्याला फोन करून नको म्हणालो. वडील म्हणतात आम्ही वीस वर्षं त्याच पत्र्याखाली बसून जेवलो. पण कापत नाही.

पाणी ओतून बघितलं. गंमत म्हणजे शेडला उतार आहे! उत्तरेकडून दक्षिणेकडे, तीस फुटांत दोन इंच. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "मग? धुवायला नको का शेड?" दक्षिणेच्या भिंतीला तळाशी दर दहा फुटांवर मोरीही आहे, बुजलेली. आणि शेडचं जोतं बाहेरच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर आहे.

चिरेबंदी | १२ फेब्रुवारी, रात्री ८.४५

मग निम्मं काम वडिलांनीच करून ठेवलंय. वाफे उत्तर-दक्षिण घाला, आडवे. लांबीच्या दिशेने पूर्व-पश्चिम घातलेत तर प्रत्येक वाफा धरणासारखा पाणी अडवत बसेल.

कोरडवाहू | १३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

उत्तर-दक्षिण ओळी उंच पिकाला उन्हाच्या दृष्टीनेही बऱ्या. सावली सकाळी एकीकडे, दुपारनंतर दुसरीकडे पडते, एकच ओळ दिवसभर अंधारात राहत नाही.

आता गादीवाफा यांच्या खडीबद्दल. राग मानू नका, पण खडीने निचरा होतो ही समजूत मी नोकरीत असताना तीस वर्षं खोडत आलो आणि अजून ती जिवंत आहे. बारीक मातीतून पाणी खाली येतं आणि मोठ्या पोकळ्यांच्या खडीपाशी थबकतं. माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्याशिवाय ते खडीत उतरतच नाही. म्हणजे तळाचा जो चिखलाचा पट्टा कोब्यावर बसला असता, तो तुम्ही तीन इंच वर, मुळांजवळ आणून ठेवता.

पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज लांबीत उभा करा. लगेच आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, बदलली ती फक्त उंची. शेतात खाली खोलवर माती असते, तो उभा स्पंज. कोब्यावरचा वाफा हा आडवा स्पंज. म्हणून उथळ वाफा जास्त चिकचिकतो आणि लोक उलट समजतात. कोब्यावर नऊ इंचाचा वाफा करू नका. पंधरा इंच घ्या आणि मिश्रण शेतातल्यापेक्षा भरड ठेवा. सत्तर टक्के माती इथे फार झाली.

गादीवाफा | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.००

सर, स्पंज बायकोच्या देखत पिळला, तुमचं खरं निघालं. पण माझा एक प्रश्न शिल्लक आहे. शेतात पाणी खाली जातं. इथे खाली कोबा. ते आडवंच चालत जाणार, चोवीस-पंचवीस फूट, मातीतून. खडी नसेल तर चालणार कसं?

कोरडवाहू | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

हा प्रश्न रास्त आहे. मी निचऱ्याचं बोललो, तुम्ही वाहतुकीचं बोलताय, दोन्ही वेगळं. वाहतुकीला तीन इंच खडी कशाला हवी? वाफ्याच्या मधोमध एक छिद्रांचा पाइप कोब्यावर टेकवून टाका, बास.

ओढ्याकाठी | १३ फेब्रुवारी, रात्री ९.३०

तुम्ही दोघं भांडता तेव्हा मला फुकटात शिकायला मिळतं. मी दोन्ही करून बघतो. एक वाफा खडीचा, एक बिनखडीचा, एक पाइपाचा.

हिशोब मांडलाय, चुकलं तर सांगा. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडले तर वाफा २४ फूट लांब. रुंदी ३ फूट, उंची सव्वा फूट. म्हणजे ९० घनफूट, एका ब्रासला दहा कमी. दोन वाफ्यांत दोन फूट वाट धरली तर १०० फुटांत वीस वाफे बसतात. एकूण १८ ब्रास. एवढं एकदम भरायची ऐपत नाही, आधी सहा करतो. कडा विटांच्या. एका वाफ्याला साडेतीनशे विटा लागतील असं गवंडी म्हणतो.

चिरेबंदी | १४ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

विटांचा हिशोब बरोबर. साडेचार इंची भिंत पुरे, सव्वा फुटाला जास्त दाब येत नाही. पण २४ फूट सलग लांबी आहे, तेव्हा दर आठ फुटांवर एक नऊ इंची जोड काढा. भिंत बसते ती पट्टी छिन्नीने खडबडीत करा आणि धुऊन घ्या. पोल्ट्रीच्या कोब्यावर वर्षानुवर्षांची घाण बसलेली असते, त्यावर सिमेंट धरत नाही. सिपोरेक्सचे (सच्छिद्र सिमेंटचे) ब्लॉक घेऊ नका. हलके आणि स्वस्त म्हणून मोह होतो, पण कायम ओल्या मातीला लागून राहिले की पाणी पितात आणि कडा झडतात.

गच्चीतला गडी | १४ फेब्रुवारी, दुपारी १.२०

मस्त धागा! मी ठाण्यात आहे. आमच्या इमारतीच्या गच्चीवरही खाली कोबाच आहे. हेच सव्वा फुटाचे वाफे तिथे घातले तर?

चिरेबंदी | १४ फेब्रुवारी, दुपारी १.३५

नको! यांच्या कोब्याखाली जमीन आहे, तुमच्याखाली कोणाचा तरी बेडरूम. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टन धरलं तरी सव्वा फुटाला चौरस मीटरमागे साडेपाचशे किलोच्या वर जातं. राहत्या घराची स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलोच्या चलभारासाठी (माणसं, सामान यांच्या वजनासाठी) काढतात, गच्ची त्याहून कमी. इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक पाटी माती वर नेऊ नका.

गच्चीतला गडी | १४ फेब्रुवारी, दुपारी १.५०

बरं झालं विचारलं. पालापाचोळ्याच्या कुंड्याच बऱ्या मग. श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून शिकलेले आमचे एक काका नारळाची सोडणं, उसाचं चिपाड आणि नावापुरती माती यावर वांगी काढतात, आणि कुंडी एका हाताने उचलतात.

मेथीची जुडी | १६ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

विटांचा खर्च वाचवायचा असेल तर गांडूळखताचे तयार प्लास्टिकचे बेड मिळतात ना, १२ बाय ४ बाय २ फुटांचे, ते वापरा. मी तेच वापरते. चारही बाजूंना बांबू रोवायची सोय असते. आता कोब्यात बांबू रोवणार कसा, म्हणून आम्ही रंगाच्या रिकाम्या डब्यांत काँक्रीट ओतून त्यात बांबू उभे केले. कड वरून दुमडून सव्वा फूट करता येते. गांडूळपाण्यासाठी एका कोपऱ्यात जाळीचं तोंड असतं, तोच आपला निचरा. चार फूट रुंदी मात्र माझ्यासारख्या बुटक्या बाईला जास्त होते, मधली मेथी उपटायला वाकून वाकून कंबर जाते.

आणि हो, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) घेणार असाल तर धुतलेलं घ्या किंवा स्वतः धुवा. पाच किलोची वीट फुलून सत्तरएक लिटर होते, पण स्वस्तातल्या विटेत मीठ असतं. माझी पहिली रोपं कडेने करपली ती त्यानेच.

ओढ्याकाठी | २३ मार्च, रात्री १०.००

उशीर झाला, लग्नसराई. तीन वाफे भरून झाले. मिश्रण : लाल माती निम्मी, कुजलेलं शेणखत पाव, उरलेल्या पावात तूस आणि धुतलेलं कोकोपीट. शेडमागे पोल्ट्रीच्या लिटरचा, म्हणजे कोंबड्यांच्या विष्ठा मिसळलेल्या तुसाचा, दहा वर्षांचा ढीग आहे, तो घालायचा मोह झाला होता. कोरडवाहू सरांना व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, ते म्हणाले क्षार मोजल्याशिवाय घमेलंभर सुद्धा नको. मोजले आणि ढीग तिथंच ठेवला.

लाल माती आणण्याआधी गादीवाफा काकांनी फोनवर सांगितलेली चाचणी केली. मातीवाल्याकडून दोन ठिकाणच्या मातीचे नमुने आणले, कुंड्यांत काकडीचं बी टाकलं, पाच आठवड्यांनी मुळं धुऊन बघितली. एका नमुन्यात मुळांना मण्यांसारख्या गाठी! म्हणजे कोबा जपून सूत्रकृमी मीच ट्रॉलीत भरून, भाडं देऊन आणणार होतो. दुसरीकडची माती घेतली.

आता तुमच्या भांडणाचा निकाल. तिन्ही वाफे भरपूर भिजवले, एक रात्र जाऊ दिली, सकाळी खुरप्याने तळापर्यंत खणलं. बिनखडीच्या वाफ्यात कोब्यालगत साडेतीन इंच चिखल. खडीच्या वाफ्यात खडी कोरडी आणि तिच्या वर साडेतीन इंच चिखल. म्हणजे सरांचं अक्षरशः खरं. पण बिनखडीच्या वाफ्यात उत्तरेच्या टोकाला पाणी दोन दिवस तसंच बसून होतं, उतार असूनही. पाइपाच्या वाफ्यात संध्याकाळपर्यंत मोकळं. म्हणजे काकांचंही खरं.

पाइप दोन इंची पीव्हीसी, हॅक्सॉने दर सहा इंचांवर चिरा पाडल्या, चिरा खाली तोंड करून, वरून शेडनेट गुंडाळलं. दक्षिणेचं तोंड भिंतीबाहेर काढलं.

गादीवाफा | २३ मार्च, रात्री १०.२०

दोघांचंही खरं म्हणजे जेवण दोघांनाही पाहिजे. चिरा खाली केल्या ते बरोबर, वर केल्या असत्या तर मातीने भरल्या असत्या. उत्तरेच्या टोकाला एल्बो लावून पाइप वर काढून ठेवा, बूच लावा. कधीतरी तुंबणार, तेव्हा वरून पाणी मारून धुता येईल. हे मी शिकलो तेव्हा अख्खा वाफा उकरून शिकलो.

ठिबकचं काय केलंत?

ओढ्याकाठी | २४ मार्च, सकाळी ६.४५

वाफ्याला दोन नळ्या, एक फुटावर ड्रीपर, ताशी दोन लिटरचे. शेतात लावतो तसंच एक तास चालू ठेवलं तर मोरीतून नुसता लोंढा.

कोरडवाहू | २४ मार्च, सकाळी ७.३०

एक तास?! ४८ ड्रीपर गुणिले दोन, म्हणजे ९६ लिटर. वाफा पावणेसात चौरस मीटरचा. आत कडक उन्हाळ्यात भरलेल्या पिकाला चौरस मीटरला चारएक लिटर धरा, म्हणजे २७ लिटर. सतरा मिनिटांचं काम. ते सुद्धा एकदम नको, सकाळी नऊ आणि दुपारी आठ मिनिटं. शेतात जास्त झालेलं पाणी जमीन धरून ठेवते आणि नंतर परत देते. कोब्याला पोट नाही. दिलेलं जास्त वाहून जातं, खत घेऊन, आणि कमी दिलं तर संध्याकाळी रोपं माना टाकतात. मोरीतून रोज थोडं पाणी आलंच पाहिजे, नाहीतर क्षार वाफ्यातच साठतील. पण थोडं म्हणजे तांब्याभर, लोंढा नव्हे.

मोरीचं पाणी वाया घालवू नका, खताचं पाणी आहे ते. बाहेर केळी लावा.

मेथीची जुडी | २ मे, दुपारी ३.१०

आमच्याकडे वाटेवरचा कोबा इतका तापतोय की चप्पल घालूनही पाय ठरत नाही. वाफ्याच्या पश्चिम कडेची रोपं बाकीच्यांपेक्षा खुजी राहिलीत. कोणाला हा अनुभव?

ओढ्याकाठी | २ मे, रात्री ९.१५

अगदी हाच. विटेची पश्चिम बाजू दुपारी हात लावू देत नाही. वाटांना आणि विटांना बाहेरून चुना मारला, वर पन्नास टक्क्यांची शेडनेट ओढली. दुपारी एकदा वाटा ओल्या करतो, आत गेल्यावर लगेच जाणवतं. काकडी तीन वाफ्यांतून सुरू झाली आहे. पहिला तोडा गावातच वाटला, त्याचे पैसे विचारू नका.

चिरेबंदी | ३ मे, सकाळी ७.००

वाटा ओल्या करायचं तुमच्याकडच्या कोरड्या हवेत ठीक. आमच्या कोकणात कोणी करू नका, आधीच हवा पिळून पाणी काढावं अशी असते, भुरी-करपा बोलावून आणाल. आणि ओल्या कोब्यावर शेवाळ धरतं. मी पडलोय, म्हणून सांगतो.

ओढ्याकाठी | १९ जुलै, रात्री १०.५०

मंडळी, पचका झाला.

आठ दिवस झड लागली होती. बाजूच्या जाळीतून आत आलेलं पाणी वाटांवरून दक्षिणेला वाहून मोरीतून जायला हवं होतं. मोऱ्या मी उघडल्या होत्या, पण सहाच. उरलेल्या चार "नंतर बघू" म्हणून ठेवल्या. त्या बाजूला वाटेत घोट्याच्या खाली पाणी साचलं आणि वाफ्यातून पाणी बाहेर जाण्यासाठी विटांत जी भोकं ठेवली होती, त्यातूनच ते आत शिरलं. निचऱ्याची भोकं उलटी चालली! दोन वाफ्यांतली काकडी पिवळी पडून बसली. उपटली तर मुळं तपकिरी, वास मारणारी. बाकीचे चार वाफे ठणठणीत आहेत.

चूक माझीच. वडील काही बोलले नाहीत, नुसते पहार घेऊन आले आणि चारही मोऱ्या उघडल्या.

गादीवाफा | २० जुलै, सकाळी ६.३०

होतं. ते दोन वाफे आता लगेच लावू नका, माती उकरून मोकळी करा, वारं लागू द्या, ट्रायकोडर्मा (मूळकुजीवरची उपकारक बुरशी) शेणखतात मुरवून घाला. माती दोन-तीन इंच बसली असेल, तेवढी भर टाका. पुढच्या वेळी कडेची भोकं कोब्याला टेकून न ठेवता एक विटेचा थर सोडून वर ठेवा. तळाचं पाणी पाइप नेईल.

कोरडवाहू | २० जुलै, सकाळी ८.००

सहमत. आणि वाटेच्या कडेने दक्षिणेला उथळ पाट काढता आला तर बघा.

लेस्टरची काकू | २४ ऑगस्ट, रात्री १.१५

धागा वर काढते. ओढ्याकाठी, काकडी कशी चालली आहे? आणि ते पत्रे? कापले तर नाहीत ना?

ओढ्याकाठी | २४ ऑगस्ट, सकाळी ६.२०

काकू, चार वाफ्यांची काकडी संपत आली, दिवसाआड वाईच्या बाजारात नेत होतो. सातवा आणि आठवा वाफा चालू आहे, पाइप आणि एल्बो आधी, विटा नंतर. त्या दोन बसलेल्या वाफ्यांत सध्या झेंडू लावलाय, दसऱ्याला होईल.

पत्रे गोठ्यामागे एकावर एक रचून ठेवलेत, अख्खे. भंगारवाला घेत नाही, दुसरा कोणी विचारत नाही. वडिलांनी कडेला भोपळ्याचं बी टोचलं होतं, आता वेलाने सगळा ढीग झाकलाय.